नाना शंकरशेटांची समाधी

एकोणिसाव्या शतकातील मराठी गद्याविषयी वर्गात बोलत होतो. ओघात जगन्नाथ शंकरशेट यांचा उल्लेख आला आणि मागच्या बाकावरून एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, नानांची समाधी कुठे आहे?" ती मुरबाडकडची. शंकरशेटांचे घराणेही मूळचे मुरबाडचे, आणि गावाकडे कोणी मोठा माणूस गेला की त्याच्या नावाचा चौथरा उठतो हे तिने लहानपणापासून पाहिलेले. मी नेहमीचे उत्तर दिले. हिंदू माणसाला अग्नी देतात, थडगे बांधत नाहीत. एशियाटिक सोसायटीच्या इमारतीत नानांचा संगमरवरी पुतळा आहे, तो पाहून ये. ती गप्प बसली. परंतु उत्तर अपुरे आहे याची जाणीव मला बोलतानाच झाली होती, आणि तेव्हापासून चर्चगेटच्या गाडीत बसलो की तो प्रश्न माझ्या शेजारी येऊन बसतो.

मी जेसल पार्कात राहतो. भाईंदर पूर्वेचा हा भाग म्हणजे मुंबईतून उचलून खाडीच्या काठावर आणून ठेवलेल्या माणसांची वसाहत. आमचे बिऱ्हाड मूळचे ठाकुरद्वारचे. चाळीतल्या दोन खोल्या सोडून आम्ही इकडे आलो तेव्हा आसपास मिठागरे होती आणि खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला त्यांचा वास होता. येथेही एक चौपाटी आहे. (हा शब्द आम्ही गिरगावकरांनीच येताना सोबत आणला, असे मी थट्टेने म्हणत असतो.) तिच्यावर उभे राहिले की रेल्वेचा पूल दिसतो, आणि खाडीच्या दोन फाट्यांच्या बेचक्यात पाणजू बेट. १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. दिवसाला एक जाणारी, एक येणारी. तिच्या थांब्यांच्या यादीत 'पांजे' हे नाव आहे, भाईंदरचे नाही. जिथे आज हजारो माणसे सकाळी गाडीच्या दाराला लोंबकळतात तिथे गाडी थांबत नव्हती, आणि जिथे थांबत होती ते बेट आज नावेच्या भरवशावर आहे. स्थळांच्या नशिबाचे असे उलटेसुलटे पाहिले की स्मारकांविषयी फार ठामपणे बोलवत नाही. आमच्या वसाहतीचे नाव ऐकले की कच्छी शेजाऱ्यांना अंजारची जेसल-तोरलची समाधी आठवते. त्या दोन समाध्या कणाकणाने एकमेकींकडे सरकत आहेत अशी तिकडची लोकश्रद्धा. दगडही स्थिर राहत नाही, हे लोकांना आपल्या आधी कळलेले असते.

असो. मुद्दा नानांच्या समाधीचा आहे.

जगन्नाथ शंकरशेट मुरकुटे यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ चा, मृत्यू ३१ जुलै १८६५ चा. या बासष्ट वर्षांत एका माणसाने काय काय केले त्याची यादी शालेय पुस्तकांत असते, ती मी येथे उतरवून काढत नाही. आपल्या विषयापुरते दोन धागे पुरेत. पहिला रेल्वेचा. १८४५ साली मुंबईत लोहमार्गासाठी ज्यांनी पुढाकार घेतला त्यांत जमशेटजी जीजीभाई आणि नाना प्रमुख होते. पुढे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनी उभी राहिली तेव्हा तिच्या संचालकांत हे दोघे हिंदी गृहस्थ होते. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला जी गाडी गेली, चौदा डबे आणि सुमारे ४०० निमंत्रित घेऊन, तिचे श्रेय मराठी माणूस नानांना देतो ते या आधारावर. दुसरा धागा राजकारणाचा. १८५२ साली स्थापन झालेल्या बॉम्बे असोसिएशनचे ते अध्यक्ष. या संस्थेने कंपनी सरकारच्या कारभाराविषयी थेट ब्रिटिश पार्लमेंटकडे अर्ज केला. १८६२ साली मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळावर त्यांची नेमणूक झाली. रेल्वेचा कारभारी आणि कायदेमंडळाचा सभासद या दोन ओळी विलायतेत एखाद्याच्या कबरीवर कोरायला पुरेशा ठरल्या असत्या.

कबरीवरचा लेख हा आपण वाङ्मयाचा प्रकार म्हणून फारसा वाचत नाही. शिवडीच्या दफनभूमीत, किंवा लोणावळा, इगतपुरी, भुसावळ या रेल्वेच्या गावांतील जुन्या ख्रिस्ती दफनभूमींत फिरून पाहावे. इंग्रजी कोरीव लेखाची घडण ठरलेली असते: नाव, हुद्दा, सेवेची वर्षे, मृत्यूचे वय, 'हे स्मारक कोणी उभारले' आणि शेवटी बायबलातले एक वचन. तीनचार ओळींत एक आयुष्य बसवायचे असल्यामुळे क्रियापदे जवळजवळ नाहीशी होतात; उरतात ती नामे आणि विशेषणे. मृताने काय केले यापेक्षा तो काय होता हे सांगण्याकडे या लेखांचा कल. आणि मला वाटते, आपल्या मराठी चरित्रांनी थडगे बांधले नाही तरी या लेखाची घडण मात्र बिनबोभाट उचलली. 'आधुनिक मुंबईचे शिल्पकार', 'आद्य', 'जनक', 'मुंबईचे अनभिषिक्त सम्राट': नानांविषयी कोणतेही व्याख्यान ऐकावे, हे शब्द येतातच. हे सगळे शब्द दगडावर कोरायच्या जातीचे आहेत. त्यांत क्रियापद नाही. पु. बा. कुलकर्णी यांनी लिहिलेल्या विस्तृत चरित्राने आणि गंगाधर गाडगीळांच्या 'प्रारंभ' या कादंबरीने नानांना पुन्हा चालते-बोलते केले, हे मान्य करूनच मी हे म्हणतो. कादंबरीचा उपयोगच तो असतो. परंतु कादंबरी वाचणारे थोडे, आणि विशेषणे ऐकणारे पुष्कळ.

नानांची उघड दिसणारी स्मारके मोजायची तर अशी. टाऊन हॉलमधला, म्हणजे एशियाटिकच्या इमारतीतला पुतळा. गिरगाव आणि ग्रँट रोडच्या परिसरात त्यांच्या नावाचा रस्ता आणि नाना चौक. बोरीबंदरच्या भव्य स्थानकाच्या दर्शनी भिंतीवर कंपनीच्या संचालकांचे जे मुखवटे कोरले आहेत त्यांत जमशेटजींच्या जोडीने नानांचाही चेहरा. ही इमारत एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी आखली, १८७८ साली तिचे काम सुरू झाले, १८८७ मध्ये तिला राणीचे नाव मिळाले. म्हणजे नाना जाऊन बावीस वर्षे झाली होती. पुढे राणीचा पुतळा तिथून गेला, १९९६ साली स्थानकाला छत्रपतींचे नाव आले. नानांचा चेहरा मात्र ज्या उंचीवर कोणाचीही मान सहसा वळत नाही त्या उंचीवर तसाच राहिला. स्मारक टिकवायचे असेल तर ते कोणी पाहणार नाही अशा ठिकाणी बसवावे.

आणि एक स्मारक आपल्या व्यवसायाचे: जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. मॅट्रिकला संस्कृतात अग्रभागी येणाऱ्याला ती मिळे, आणि जुन्या पिढीच्या चरित्रलेखनात 'शंकरशेट स्कॉलर' हे बिरुद पदवीसारखे मिरवले जाई. चिंतामणराव देशमुखांना ती १९१२ साली मिळाली. यातली गंमत शिक्षकांच्या लक्षात यायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या पाचव्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये सर अर्स्किन पेरी इंग्रजी माध्यमाचा आग्रह धरीत होते तेव्हा देशी भाषांतून शिक्षण द्यावे असा पक्ष मांडणाऱ्यांत नाना होते. जो माणूस मराठीसाठी भांडला त्याची आठवण पिढ्यान्‌पिढ्या संस्कृतच्या गुणपत्रिकेत जपली गेली. यात कोणाचा दोष नाही. स्मारक उभारणारे आपल्याला जे महत्त्वाचे वाटते ते कोरतात. ज्याचे स्मारक, त्याचे मत विचारायची सोय नसते.

आता या यादीत मुंबई सेंट्रलची भर घालायचे चालले आहे. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने काही उपनगरी स्थानकांची नावे बदलण्याचा निर्णय घेतला, त्यांत मुंबई सेंट्रलला नाना जगन्नाथ शंकरशेट यांचे नाव देण्याचा प्रस्ताव आहे. मागणी जुनी आहे आणि तिच्यामागची भावना मी समजू शकतो. तरीही रेल्वेच्या इतिहासाची थोडीशी ओळख असलेल्या माणसाला येथे ठेच लागते. नाना जीआयपी कंपनीचे. मुंबई सेंट्रल हे बीबीसीआय कंपनीचे स्थानक, आणि ते उघडले १९३० साली, नानांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी. नेमकी याच्या उलट गोष्ट करी रोडची. सी. करी हे बीबीसीआयचे एजंट, म्हणजे आजच्या भाषेत महाव्यवस्थापक, १८६५ ते १८७५ या काळातले. आणि त्यांचे नाव राहिले मध्य रेल्वेच्या, म्हणजे प्रतिस्पर्धी जीआयपीच्या मार्गावरील स्थानकाला. त्याच २०२४ च्या निर्णयात करी रोडला लालबाग म्हणावे असेही ठरले आहे. तेव्हा एका रेल्वे कारभाऱ्याचे नाव उतरेल, दुसऱ्याचे चढेल, आणि दोघेही एकमेकांच्या अंगणात. करीसाहेबांसाठी मी अश्रू ढाळणार नाही. करी रोडला उतरणाऱ्या लाखो गिरणी कामगारांपैकी कितीजणांना तो माणूस होता, रस्ता नव्हे, हे ठाऊक असेल? स्थानकाचे नाव होणे म्हणजे अमर होणे असे आपण समजतो. वस्तुतः स्थानकाचे नाव होणे म्हणजे माणूस पुसला जाऊन उद्घोषणा उरणे. पुढील स्टेशन अमुक. वीस वर्षांनी मुले 'शंकरशेटला उतर' म्हणतील आणि त्यांत कोणी शेट नसेल.

माझे म्हणणे असे की नानांचे खरे स्मारक याच मार्गावर, आणखी तीन स्थानके पुढे आहे; आणि ते स्मशान आहे.

चर्नी रोड सोडून गाडी मरीन लाइन्सकडे सरकू लागली की उजवीकडे जिमखान्यांची मैदाने आणि त्यांपलीकडे समुद्र असतो. सगळे प्रवासी तिकडे पाहतात. डावीकडे एक लांब भिंत आहे. तिच्यामागे चंदनवाडी, आणि त्याच पट्ट्यात मुसलमानांचे मोठे कब्रस्तान. या सबंध भागाला पूर्वी सोनापूर म्हणत. जुन्या मुंबईकराच्या तोंडी सोनापूर हा शब्दच मरणाचा पर्याय झाला होता. इंग्रजांचीही दफनभूमी येथेच होती. ती भरली, बंद झाली, आणि १८६० च्या दशकात शिवडीला नवी दफनभूमी आखली गेली. शहर वाढत होते, किनाऱ्याच्या जमिनीला भाव येत होता, धूर आणि दुर्गंधी यांची तक्रार होती. तेव्हा हिंदूंची स्मशानभूमीही शिवडीकडे हलवावी असा सरकारी बेत झाला. नानांनी त्याला विरोध केला आणि बेत रद्द करवला. त्यांच्या चरित्रातील मोठमोठ्या संस्थांच्या गर्दीत ही हकीकत एखाद्या परिच्छेदात उरकली जाते.

तिचे मोल कळायला गिरगावातून तिरडी उचललेली असावी लागते. ठाकुरद्वार, फणसवाडी, काळबादेवी येथून सोनापूर हे खांदे न बदलता गाठता येण्याजोगे अंतर. शिवडी म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाची खाडी. ज्याच्या दारात गाडीघोडे आहेत त्याला दोन्ही सारखेच. ज्याला चार खांदेही उसने मागावे लागतात त्याला नाही. नानांच्या दारात गाडीघोडे होते. त्यांना स्वतःपुरता शिवडीचा त्रास झाला नसता. म्हणून मला हे कृत्य त्यांच्या इतर कामांहून वेगळे वाटते. येथे ते कंपनीचे भागधारक नाहीत, पदाधिकारी नाहीत, लाभार्थी नाहीत. एका वस्तीच्या मृतांच्या वतीने ते बोलत आहेत. हे स्मशान जातिपातींपासून मुक्त होते असा माझा दावा नाही. त्या काळचे कोणते स्मशान होते? परंतु माणसाला आपल्या माणसांनी चालत पोचवावे, एवढा हक्क त्यांनी राखला. तिथे त्यांच्या नावाची पाटी असो वा नसो. तिथली जमीन अजून तेच काम करते आहे, आणि दीडशेहून अधिक वर्षे एखादी वस्तू तिच्या हेतूसाठीच वापरली जाणे हे पुतळ्याच्या वाट्याला कधी येत नाही.

हे मी तटस्थपणे लिहितो आहे असे भासवण्यात अर्थ नाही. आमचे अण्णा पश्चिम रेल्वेत पार्सलचे कारकून होते. जेसल पार्कात ते अठरा वर्षे राहिले आणि अठरा वर्षे 'आपण सध्या भाईंदरला आहोत' असे म्हणत राहिले. 'मला चंदनवाडीला न्या' हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले होते की आम्ही ते ऐकेनासे झालो होतो. ते गेले ते आषाढातल्या एका रात्री. खाडीला भरती, रुळांवर पाणी, रस्ते तुंबलेले. चाळीसहून अधिक किलोमीटर. आम्ही त्यांना इथल्याच स्मशानात नेले, आणि तिसऱ्या दिवशी अस्थी याच खाडीत सोडल्या, पुलाकडे तोंड करून. नातेवाइकांनी समजूत घातली की अग्नी सगळीकडे सारखाच. ते खरेच आहे. पण ज्या माणसाने स्मशान वस्तीपासून दूर जाऊ दिले नाही त्याचे ऋण मानणाऱ्या आम्हा लोकांना रेल्वेने वस्तीच स्मशानापासून दूर नेऊन टाकले. आणि त्या रेल्वेच्या संचालकांतही पुन्हा तोच माणूस. मी यात कोणताही आरोप पाहत नाही. १८५३ साली बोरीबंदरच्या फलाटावर उभ्या असलेल्या कोणाला विरारची लोकल दिसली असती? तरी ही दोन कामे एकाच हातांची आहेत आणि ती एकमेकांना छेद देतात, हे कोणत्याही पाटीवर मावणार नाही.

येथे एका विलायती स्मारकाची आठवण काढतो, कारण समाधी, रेल्वे आणि राजकारण यांची गाठ त्यात जशी पडली आहे तशी दुसरीकडे क्वचितच असेल. विल्यम हस्किसन हे ब्रिटनचे राजकारणी, काही काळ वसाहतींच्या खात्याचे मंत्री. १५ सप्टेंबर १८३० रोजी लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाच्या दिवशीच ते 'रॉकेट' या इंजिनाखाली सापडले व मरण पावले. लिव्हरपूलच्या सेंट जेम्स दफनभूमीत त्यांच्या कबरीवर घुमटाची गोल वास्तू उभारली गेली आणि तिच्यात जॉन गिब्सन या शिल्पकाराने घडवलेला, रोमन वेषातला संगमरवरी पुतळा बसवला. आज घुमटी आहे, पुतळा तिच्यात नाही. त्याच शहरात भर रस्त्यावर हस्किसन यांचा दुसरा एक पुतळा होता. तो १९८२ साली तेथील रहिवाशांनी चौथऱ्यावरून खाली ओढला, कारण गुलामांच्या व्यापाराशी त्यांचे नाव जोडले गेले होते. दफनभूमीतल्या स्मारकाला माणसे सहसा हात लावत नाहीत, रस्त्यावरच्याला लावतात. रस्त्यावरचे स्मारक आजच्या माणसाशी बोलू पाहते, म्हणून त्याला उलट उत्तर मिळते. थडग्याचे बोलणे मृत्यूपाशी संपलेले असते.

नानांना उलट उत्तर द्यायची वेळ आली तर ते कोण देईल? मला वाटते, बोरघाट देईल.

कंपनीने ठाण्यानंतर डोंगराला हात घातला. १८५६ ते १८६३ एवढ्या काळात बोरघाटाचा मार्ग झाला. पंचवीस बोगदे, कड्यावर दोरांनी लोंबकळून पाडलेली सुरुंगांची भोके. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक माणसे तिथे राबत होती. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला आणि ठेकेदार बदलावा लागला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल येऊन थोड्याच आठवड्यांत आजाराने गेला; त्याची विधवा ॲलिस हिने ठेका पुढे चालवून पुरा केला. हे सगळे आपल्याला नावांनिशी ठाऊक आहे. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी घाटात जे मजूर मेले त्यांची संख्या इतिहासकारांच्या अंदाजाने पंचवीस हजारांच्या आसपास जाते. त्यांची नावे आपल्यापर्यंत आलेली नाहीत. त्यांना कोणत्या सोनापुरात नेले, कोणी नेले, की नेलेच नाही? कंपनीच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी सरकारने दिली होती, ती हिंदुस्थानच्या महसुलातून. माणसांच्या बाबतीत कसली हमी नव्हती.

या मृत्यूंचे माप नानांच्या पदरात घालणे अन्यायाचे होईल. निर्णय लंडनमध्ये होत. मुंबईतल्या हिंदी संचालकाच्या शब्दाला घाटातल्या झोपडीपर्यंत पोचण्याइतकी लांबी होती असे मानायला आधार नाही. पण हे विचारायचेच नाही, असाही प्रघात पडू नये. गिरगावच्या मृतांसाठी भांडलेला माणूस ज्या कंपनीच्या भिंतीवर कोरला गेला तिच्या कामावर हजारो माणसे बेवारस मेली, हे वाक्य पूर्णविरामापर्यंत म्हणता आले पाहिजे. आमच्या विद्यार्थ्यांना आम्ही 'शिल्पकार' हा शब्द शिकवतो. शिल्पकाराच्या हाताखाली दगड असतो. इथे दगड फोडणारी माणसे होती. रूपक वापरताना त्याच्या खाली कोण चिरडले जाते ते पाहण्याची सवय वाङ्मयाच्या वर्गात लागली नाही तर ती कुठे लागणार?

आपल्याकडे निनावी मृताला दगड देण्याची रीत नव्हती असे नाही. आमच्याच मार्गावर, बोरिवलीजवळ एकसरला वीरगळ आहेत. शिलाहार-यादवांच्या काळातले म्हणून अभ्यासक त्यांच्याकडे पाहतात. त्यांवर नौकायुद्ध कोरलेले आहे: वल्ह्यांच्या रांगा, पाण्यात पडणारी माणसे, आणि वरच्या पट्ट्यांत त्यांना स्वर्गाकडे नेणाऱ्या अप्सरा. वीरगळ हा क्रियापदांचा लेख आहे. खालच्या पट्ट्यात माणूस लढतो, मधल्या पट्ट्यात मरतो, वरच्या पट्ट्यात पोचतो. नावे आज वाचता येत नाहीत आणि तरी त्यांनी काय केले ते अडाणी माणसालाही कळते. थडग्यावरच्या इंग्रजी लेखाच्या शेजारी हा दगड ठेवून पाहावा. एकात माणूस कोण होता हे आहे, दुसऱ्यात त्याने काय केले हे. आपण वीरगळ सोडून पाटी का घेतली, यावर कोणी प्रबंध लिहील तर मी आनंदाने वाचीन. मुंबई सेंट्रलच्या पाट्या बदलायला जो खर्च येईल त्याच्या अंशमात्र खर्चात पळसदरी-खंडाळ्याच्या वाटेवर तीन पट्ट्यांचा एक दगड उभा राहू शकेल: खाली दोराला लोंबकळणारा माणूस, मध्ये ढासळणारी दरड, आणि वरच्या पट्ट्यात काय कोरायचे ते एखाद्या घाटातल्याच माणसाला विचारावे. नानांचे नाव त्यावर नको. पण नानांच्या नावाने निघालेल्या निधीतून तो उभा राहिला तर शोभेल.

गेल्या आठवड्यात त्या विद्यार्थिनीला घेऊन टाऊन हॉलला गेलो होतो. तिच्याबरोबर वर्गातली आणखी दोघे. त्यांनी पुतळा पाहिला, फोटो काढले. तिने चेहरा बराच वेळ न्याहाळला आणि "आमच्या गावातल्या एका आजोबांसारखे दिसतात," म्हणाली. मग आम्ही चालत मरीन लाइन्सला आलो. पुलावरून मी ती भिंत दाखवली. आत कोणाचे तरी विधी चालू असावेत. बाहेर पांढऱ्या कपड्यांतली काही माणसे उभी होती, एकजण फोनवर कोणाला तरी रस्ता समजावून सांगत होता. "इथे?" तिने विचारले. मी म्हणालो, "इथे." समाधी कोणती, भिंत की ते फोनवर बोलणारे गृहस्थ, असे काहीसे दुसऱ्याने विचारले आणि सगळे हसले. तेवढ्यात विरार गाडीची घोषणा झाली. ती भाईंदरला थांबते की नाही ते आम्ही आधी पाहून घेतले.